दीड माणसाचं पाणी

डॉक्टरांनी मला भात बंद केला त्याला आता बराच काळ झाला. तांदळाचा डबा भरून ठेवणं मात्र मी काही बंद केलेलं नाही. म्हापशाच्या या फ्लॅटमध्ये ओट्याखाली तो डबा बसलेला असतो आणि मी दिवसातून एकदा तरी झाकण काढून आत हात घालते. मनगट बुडलं की जिवाला बरं वाटतं. सून हसते. तिला वाटतं सासूला चोरून भात खायचा असतो. खायचा असतोच, ते काही खोटं नाही. पण झाकण काढते ते त्यासाठी नव्हे. तांदूळ आहेत ना, एवढंच बघायचं असतं. ती म्हणते, आई, फोन केला की खालच्या दुकानातून तांदूळ वर येतात, तुम्ही कशाला जीव टांगणीला लावून घेता? येतात, मान्य. रस्ता उघडा असला तर येतात. हे मी तिला इतक्यांदा सांगितलंय की आता ती हो हो म्हणते आणि मोबाइलमध्ये डोकं घालते. म्हणून म्हटलं, लिहूनच ठेवावं.

आमचं घर डिचोली तालुक्यातलं, पाळीच्या जरा पुढे, खाणीवरून जेटीकडे जाणाऱ्या रस्त्याला चिकटून. सकाळी ट्रक सुरू झाले की फळीवरची भांडी किणकिणायला लागायची ती दिवेलागणीपर्यंत. पेजेवर तांबड्या धुळीची साय धरायची. ती बोटाने बाजूला करायची आणि पेज प्यायची, त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. पाहुणा आला की आई जनेल, म्हणजे खिडकी, लावून घ्यायची आणि पाहुणा वळला की उघडायची, कारण बंद जनेलाने तिचा जीव गुदमरायचा. बाबा त्याच ट्रकांतला एक चालवायचे. मूळचे ते दोडामार्गाकडचे. खाणीवर कामाला आले, आईशी लग्न केलं, आणि आई एकुलती एक म्हणून तिच्याच घरात राहिले. घर आईचं, घराखालचं शेत आईचं, शेतातलं भात आईचं. वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, कुणी घरजावई म्हटलं की बाबा हसायचे, पण त्या दिवशी ट्रकचं दार जरा जास्तच जोरात आपटायचं. माणूस वाईट नव्हता हां. उलट भारी हौशी. भजन असो, नाटक असो, मोर्चा असो, बाबा पुढे. फक्त शेतात पाय घालायचा म्हटलं की त्यांच्या पायाला काटा रुतायचा.

आमच्याकडे शेतातलं ते भात आणि ताटातलं ते शीत. पावसातलं पीक सरद, आणि थंडीत व्हाळाच्या पाण्यावर काढायचं ते वायंगण. व्हाळ म्हणजे ओढाच. सरदाचं भात दिवाळीच्या आधी घरात यायचं आणि उन्हाळा संपेपर्यंत जेमतेम पुरायचं. पुढे पावसाळ्यात, बाहेर काही मिळत नाही त्या दिवसांत, चूल पेटायची ती वायंगणावर. त्याला जोड म्हणून मे महिन्यात खारे बांगडे, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, कोकमाची सोलं, मिठाच्या पाण्यातल्या कोवळ्या कैऱ्या म्हणजे तोरं, कुळीथ, मिरच्या, नारळ हे सगळं आई भरून ठेवायची. पावसाळ्याच्या या बेगमीला आम्ही पुरुमेंत म्हणायचो आणि ते करताना आईला ताप आला तरी ती पडायची नाही. पण खरा जीव तिचा कणगीत. बांबूच्या तट्ट्याची, शेणाने लिंपलेली ती कणगी माजघरात उभी होती. येता-जाता आई तिच्यावर बोटाची पेरं ठोकायची, वरून खाली, खालून वर. भरीव आवाज कुठे संपतो आणि पोकळ कुठे सुरू होतो ते कान लावून ऐकायची. मी अभ्यास करत असायचे आणि हिचं आपलं ठक ठक. मला इतका राग यायचा! एकदा मी म्हटलंसुद्धा, आई, भात काय पळून जातंय? ती म्हणाली, पळत नाही, बसल्या जागी कमी होतं.

त्या वर्षी दिवाळी सरली आणि खाणीवरचा एक कंत्राटदार आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसला. त्याला आमचं शेत हवं होतं. पिकवायला नव्हे; रस्त्यालगतची सपाट जागा म्हणून. खाणीची टाकाऊ माती घालून शेत वर काढायचं आणि तिथे ट्रक उभे करायचे, असा त्याचा बेत. बदल्यात बाबांच्या स्वतःच्या नावावर एक ट्रक होईल, ते सगळं तो बघून घेणार होता. स्वतःच्या नावावर ट्रक. बाबांचा चेहरा असा उजळला की मला त्यांची कीव आली. दिवसभर दुसऱ्याच्या ट्रकात बसायचं आणि रात्री बायकोच्या घरात झोपायचं, असा तो माणूस. आईने कंत्राटदाराला चहा दिला, आणि तो गेल्यावर चहाचा कोप विसळता विसळता सांगून टाकलं की शेत द्यायचं नाही. झालं! त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलायची ती माझ्यामार्फत. बाबा मला म्हणायचे, तुझ्या आईला विचार, हल्ली भात पिकवतो कोण? सगळे पुरुष खाणीवर, पैसे देऊनही मजूर चिखलात उतरत नाही, रेशनवर तांदूळ आहेत, दुकानात आहेत, मग पाठ मोडून घ्यायची कशाला? आई मला म्हणायची, तुझ्या बाबांना सांग, दुकानात तांदूळ पिकत नाहीत, ते घाटावरून येतात. मी दोघांच्या मध्ये कपाळाला हात लावून बसायचे. शेवटी एकदा जेवताना बाबांनीच वैतागून तिच्याकडे तोंड केलं.

"यंदा वायंगणाला पाणी आणून दाखव. आणलंस तर मी परत शेताचं नाव काढणार नाय. नाय आणलंस, तर सही करायची."

आईने हातातला घास ताटात ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "बरं."

आता पाणी आणणं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर सुनेला वाटेल नळ सोडायचा. व्हाळावर कायमचा बांध नव्हताच. दर वर्षी तुळशीच्या लग्नानंतर वाड्यावरची माणसं मिळून तो बांधायची आणि दर वर्षी पावसाळा तो वाहून न्यायचा. मेढी, म्हणजे लाकडी खुंट, ठोकायच्या, त्यांच्यामागे दगड रचायचे, फांद्या आणि पेंढा कोंबायचा, वर चिकण माती घालून पायांनी मळायची. मधे एक तोंड मोकळं ठेवायचं, आणि सगळ्यांत शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकदम हात लावून ते बुजवायचं. ज्या घरातून एक माणूस पहिल्या मेढीपासून तोंड बुजवेपर्यंत राबलं त्या घराला पाण्याचा एक वार, म्हणजे पाळी. माणूस नाही, तर पाणी नाही. आणि एक नियम होता, कुणी केला देव जाणे: बाईमाणूस अर्धं धरायचं. बाई तेवढ्याच पाट्या उचलायची, तेवढ्याच चिखलात तेवढाच वेळ उभी राहायची, पण धरायची अर्धी. घरातला पुरुष आजारी असला तर दोघी जावा मिळून यायच्या आणि एक माणूस पुरा करायच्या. आमचं शेत पाटाच्या अगदी शेपटाला. तिथवर पाणी पोचेपर्यंत अर्धा वार संपलेला असायचा. म्हणजे अर्ध्या माणसाचं पाणी म्हणजे आम्हाला काहीच नाही. हे बाबांना ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी तशी पैज लावली.

पहिल्या मेढीच्या दिवशी आई एकटी गेली. बांधाचे मुख्य गोपाळकाका, आमच्या शेजारचेच, कमरेला पंचा आणि बाकी उघडे असे म्हातारे गृहस्थ. व्हाळाच्या राखणदार देवाला नारळ ठेवून झाल्यावर त्यांनी घरवार माणसं विचारली आणि आईपाशी येऊन थांबले. अर्धं धरतो, म्हणाले. आईने विनवणी केली नाही की भांडणही केलं नाही. तशीच वर घरी आली, चिखलाच्या पायांनी थेट माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"चल गो बाय. तुझ्याबगर मी अर्धी."

मी तेव्हा अकरावीत होते आणि माझ्या अंगात काय संचारलं होतं ते माझं मला ठाऊक. मला घरात बसवत नव्हतं, वर्गात बसवत नव्हतं, झोपेतसुद्धा मी पाय झाडायचे म्हणे. मला डिचोलीला जायचं होतं, पणजीला जायचं होतं, कुठेही, पण ट्रकच्या धुळीतून बाहेर. आणि ही बाई मला चिखलात बोलावत होती. मी गेले, पण कशी गेले! आदळआपट करत, पाटी दाणकन खाली टाकत, चिखल मुद्दाम पुरुषांच्या अंगावर उडवत. व्हाळाचं पाणी थंडगार, आणि तांबडं. वर खाणीच्या खड्ड्यात साठलेलं पाणी पंपाने उपसून व्हाळात सोडायचे, त्याचा तो रंग. दुपारपर्यंत गुडघ्याखालचे पाय आपले नाहीतच असं वाटायचं. आई पाटी भरून माझ्या डोक्यावर ठेवायची आणि ठेवताना चुंबळ सारखी करायची; एवढंच काय ते तिचं लाड करणं. घरी येऊन ती पेज वाढायची, निखाऱ्यावरचा बांगडा माझ्या ताटलीत सगळा, तिच्यात नुसतं डोकं. मग उठून कणगी ठोकायची. बाबा ओसरीवर बसून गंमत बघायचे. त्यांना वाटत होतं, पोर दोन दिवसांत कंटाळेल.

कंटाळलेच होते मी. आणि त्यात ते भाषेचं सगळं पेटलेलं. आता लोकांना आठवतही नाही, पण त्या दिवसांत गोव्यात कुणी कुणाशी सरळ बोलत नव्हतं. राज्य होणार म्हणत होते, आणि राज्याची भाषा कोंकणी की मराठी यावरून घराघरात ठिणग्या. आमच्या भागात बहुतेक सगळे मराठीच्या बाजूचे. बाबा तर दंडाला पट्टी बांधूनच ट्रक चालवायचे. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर इनास कोंकणीच्या बाजूचा. बाबा आणि तो आमच्या पायरीवर तावातावाने वाद घालायचे आणि दोघेही ज्या बोलीत घालायचे ती एकच होती, हे मला तेव्हा दिसायचं नाही. मला फक्त घोषणा ऐकू यायच्या. वर्गातल्या मुलींनी डिचोलीच्या मोर्चाला जायचं ठरवलं. मी पुढच्या रांगेत कापडी फलकाचं एक टोक धरणार होते. आणि माझं नशीब बघा, मोर्चा नेमका बांधाचं तोंड बुजवायच्या दिवशी.

मी आईला आदल्या संध्याकाळी सांगून टाकलं की उद्या मी येणार नाही. ती चुलीपुढे होती. आग पुढे सारत राहिली. काहीतरी बोलेल, रडेल, रागावेल म्हणून मी तयारीत उभी होते, तर ती म्हणाली की जातेस तर खाऊन जा, तिथे कोण तुला वाढणार आहे. या बाईशी भांडायचीसुद्धा सोय नव्हती. सकाळी मी नाहून, ठेवणीतला ड्रेस घालून, वेणीला रिबिन लावून बाहेर पडले तेव्हा ती कोयता आणि पाटी घेऊन व्हाळाकडे उतरत होती. एकटी. मी तिच्याकडे बघितलं नाही आणि मला आजही त्याची लाज वाटत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने मोर्चाला नाही जायचं तर मग कधी जायचं? साठीत?

बस आलीच नाही. मी वाट बघून बघून चालत पुलापर्यंत गेले, तर तिथे ही गर्दी. पुलाच्या तोंडावर रस्त्याच्या मधोमध खाणीच्या मातीचा ढिगारा, माझ्या डोक्याच्या वर, आणि त्यावर आंब्याच्या आडव्या फांद्या. पलीकडे बस उभी, तिच्या मागे एक टेम्पो, त्याच्या मागे ताडपत्री घातलेला रेशनच्या तांदळाचा ट्रक. अलीकडे रिकामे ट्रक रांगेने. पहिल्याच्या आरशाला माझी जुनी निळी रिबिन बांधलेली होती. आमच्या बाबांचा ट्रक! उजाडता उजाडता बाबांनी आणि त्यांच्या सोबतच्या ड्रायव्हरांनी भाषेसाठी रस्ता अडवला होता. ट्रकचा मागचा भाग वर उचलला, माती ओतली, संपलं काम. बाबा ढिगाऱ्यावर उभे राहून घोषणा देत होते आणि त्यांचा आवाज मला ओळखूच आला नाही, इतका तो मोठा आणि मोकळा होता. मला बघितल्यावर ते खुशीत खाली उतरले.

"आज एक चाक हलणार नाय," म्हणाले. "जा, घरी जा बाय."

मी म्हटलं, मला मोर्चाला जायचंय, तुमच्याच भाषेसाठी जायचंय. ते हसायला लागले. मला जे काही वाटलं ते सांगता येत नाही. रडू, संताप, आणि खरं सांगायचं तर थोडंसं हसूसुद्धा. मी पाय आपटत माघारी वळले. घरी जाऊन करायचं काय होतं? ट्रक बंद, रस्ता असा शांत की फळीवरची भांडीसुद्धा गप्प. त्या शांततेत खालून व्हाळाकडचा गलका ऐकू आला. तोंड बुजवायला सुरुवात झाली होती. मी रिबिनीसकट, ठेवणीतल्या ड्रेससकट तशीच खाली गेले आणि धबाधब पाण्यात उतरून आईच्या शेजारी उभी राहिले. छातीएवढं पाणी तोंडातून जोराने सुटत होतं आणि माणसांची रांग दोन्ही बाजूंनी दगड, पेंढा, माती हातोहात पुढे देत होती. आईने एकदा माझ्या ड्रेसकडे बघितलं. मग मातीचा एक भलामोठा ढेपळा माझ्या हातात दिला. मी तो पुढे दिला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तोंड बंद झालं आणि पाणी पाटाकडे वळलं. गोपाळकाका आमच्यापाशी आले, दोघींकडे बघून म्हणाले, पुरं एक. पैज आई जिंकली होती, आणि जिंकवली होती बाबांनी. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. एका ढिगाऱ्याने थोडंच भागणार होतं? इकडे या बाजूच्यांनी रस्ते अडवले, तिकडे त्या बाजूच्यांनी. झाडं पाडलेली, दगड टाकलेले, टायर जळताहेत. घाटावरची भाजी येईना. कांदे संपले, मग बटाटे, मग दुकानातले तांदूळ. रेशनचा ट्रक पुलापलीकडे ज्या जागी उभा होता त्याच जागी उभा, चार पावलांवर, आणि ढिगाऱ्याशी राखण करणारी आंदोलनाची पोरं एक पोतं इकडे येऊ देईनात. आज हे उघडणार, उद्या ते उघडणार, अशा बातम्या यायच्या आणि संध्याकाळपर्यंत खोट्या ठरायच्या. माणसं दुकानाच्या पायरीवर उगाच जाऊन बसायची. बाबा घरात येरझारा घालायचे. आई मात्र कणगी ठोकायची थांबली होती. मी विचारलं, का गो? म्हणाली, आवाज बाहेर जातो.

मला वाटलं, आता ही घट्ट झाकण लावून बसणार. तिचा स्वभावच तसा, एक मूठ तांदूळ उसने दिले तरी परत येईपर्यंत तिला डोळा लागायचा नाही. एका दुपारी बाबा जेवायला बसले आणि शीत चिवडत राहिले. घास तोंडात जाईना. आई म्हणाली, कोण उपाशी आहे? तेव्हा कुठे बाबांनी सांगितलं. त्यांच्या सोबतचे ड्रायव्हर, सगळे त्यांच्याच गावाकडचे, खाणीजवळ खोल्या करून राहणारे. शेत इथे नाही, रेशनकार्ड गावी. खिशात पगार होता आणि दुकानात दाणा नव्हता. कालपासून नुसत्या चहावर होते, तोही बिनदुधाचा. ज्या ढिगाऱ्यापलीकडे तांदूळ अडकलेत तो आपणच ओतलाय, हे बाबा बोलले नाहीत. त्यांनी ताटाकडे बघूनच ते कबूल केलं. आई उठली, कणगीचं झाकण काढलं, वाकून आतून भात काढलं आणि मला व्हायनाशी, म्हणजे उखळाशी, बसवलं. तुझ्या बाबांना सांग, म्हणाली, माणसांना बोलाव म्हणून. बाबा समोरच बसले होते, तरी मी सांगितलं.

मग रोज आमच्या खळ्यात पंगत. पेज, कुळथाची पिठी, एकेक तोर. ड्रायव्हर खाली मान घालून जेवायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी इनास सायकल ढकलत आला, मागची पाटी रिकामी. मैदाच नव्हता, भट्टी थंड. तो पाव विकायला नव्हता आला आणि मागायची त्याला लाज वाटत होती, म्हणून उगाच पायरीवर बसून बाबांशी भाषेचा वाद काढला. बाबाही पेटले. मग ड्रायव्हरही. आईने इनासच्या हातात पेजेची ताटली दिली आणि म्हणाली, "भांडा, पण आधी जेवा. पेज थंड झाली की कुठल्याच भाषेत चांगली लागत नाय."

कणगी किती खाली गेली ते तिने मला बघू दिलं नाही. पण एकदा मी तिला परसात एकटीच रडताना पाहिलं. ओठ दाबून, आवाज न करता. मला वाटलं भात संपलं. जवळ गेले तर म्हणाली, व्हाळावर जाऊन ये, पाणी बघ. मी धावत गेले. पाणी स्वच्छ होतं! ट्रक बंद म्हणून खाण बंद, खाण बंद म्हणून पंप बंद, आणि वरून येत होतं ते निव्वळ डोंगराचं पाणी. तळातले गोटे दिसत होते. आईने लग्नाच्या आधी बघितलं होतं म्हणे तसं पाणी. ती रडत होती ती त्यासाठी. आम्ही दुसऱ्याच दिवशी रोप काढून लावणीला लागलो. त्या स्वच्छ पाण्यात रोपं अशी उभी राहिली की गोपाळकाका शेताच्या बांधावर उभे राहून नुसते बघायचे. मला तेव्हा पहिल्यांदा चिखलात बरं वाटलं. त्याचबरोबर मनाला एक चुटपुट लागून राहिली ती अजून गेलेली नाही: ज्या रस्त्याने गावाच्या पोटाचा तांदूळ येत होता, तोच बंद पडला तेव्हा आमचं शेत जगलं. हे धरायचं कुठून आणि सोडायचं कुठे?

रस्ता उघडला. ढिगारा बाबांनी आणि त्यांच्या ड्रायव्हरांनीच फावड्यांनी काढला. ओतायला क्षणभर लागला होता, काढताना हातांना फोड आले. रेशनचा ट्रक पूल ओलांडून आला, भांडी पुन्हा किणकिणायला लागली, व्हाळ पुन्हा तांबडा झाला. आणि कंत्राटदार आला. मी आणि आई खाली शेतात होतो, पाण्याचा वार होता. बाबा वर शेताच्या बांधावर. कंत्राटदाराने विचारलं, काय ठरलं मग? बाबांनी खाली हिरव्या रोपांकडे पाहिलं. मला ठाऊक होतं त्यांना तो ट्रक किती हवा होता. आजही मला वाटतं, त्यांनी दिलेलं सगळ्यांत महाग उत्तर तेच असेल.

"शेत माझा नाय," बाबा म्हणाले. "शेत तिचा आसा. तिका विचारा."

जन्मभर घरजावई हा जो शब्द ऐकला की ट्रकचं दार आपटायचं, त्याचा अर्थच त्यांनी आपल्या तोंडाने, परक्या माणसासमोर, मोठ्याने सांगून टाकला. आई वाकलेली होती ती वाकलेलीच राहिली. पाणी लावलंय, आत्ता जमणार नाही, असं खालूनच म्हणाली. कंत्राटदार निघून गेला.

पुढे राज्य झालं, फटाके वाजले, भाषेचंही काय ते ठरलं, आणि त्या पावसाळ्यात आमच्याकडे वायंगणाचे तांदूळ होते. शेत कायमचं वाचलं असं मात्र कुणी समजू नये. मी लग्न होऊन म्हापशाला आले त्यानंतर काही वर्षांनी एका पावसात वरचा खाणीच्या मातीचा डोंगर घसरला आणि वाड्यावरच्या सगळ्याच शेतांत तांबडा गाळ बसला. त्यावर हल्ली रान आहे. बांध घालायला माणसं नाहीत, अर्धी नाहीत की पुरी नाहीत. आई शेवटपर्यंत रिकामी कणगी ठोकायची, आणि तिच्याजवळ असले की मी मुद्दाम दुसरीकडे बघायचे.

पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. त्या पुढच्या वर्षी तुळशीचं लग्न झालं, पहिल्या मेढीचा दिवस आला. मी बारावीत, अभ्यासाला बस म्हणून आईने मला घरात ठेवलं होतं. मी बसले नाही, अर्थातच, मागोमाग जाऊन कडेला उभी राहिले. बाबांनी सकाळची सुटी काढली होती आणि दुपारी ते ट्रकवर जाणार होते. लुंगी वर खोचून, कुणी बघत नाही ना असं बघत, ते चिखलात उतरले. वाड्यावरचे पुरुष एकमेकांना कोपराने ढोसत होते. राखणदाराला नारळ ठेवून झाला आणि गोपाळकाका घरवार विचारत आमच्यापाशी आले. त्यांनी बाबांकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि हिशेब करायला तोंड उघडणार तेवढ्यात आईने चुंबळ डोक्यावर ठेवली.

"एक मी," ती म्हणाली. "आणि अर्धे हे. दुपारपर्यंतच आहेत."

कुणी हसलं नाही. बाबा तेवढे हसले, आणि वाकून त्यांनी तिची पाटी भरायला घेतली. गोपाळकाकांनी दीड धरलं आणि ते पुढच्या घराकडे गेले.